पायाचं माप कुणी घेतलं?

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘सकाळ’. भूपाळ्यांवर आणि दूधवाल्यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील, तुम्ही फिरायला जाणाऱ्यांकडे बघा, असंही वर सुचवलं. म्हणून पुण्यात तळजाईच्या टेकडीवर गेले आणि एक पथ्य पाळलं. माणसांच्या चेहऱ्यांकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं.

सहाच्या आतच तिथं वर्दळ सुरू झालेली असते. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले निवृत्त गृहस्थ, मोज्यांवर सँडल चढवलेले एक काका, जिममधले सपाट तळाचे बूट घालून मुरमावर घसरणाऱ्या कॉलेजच्या मुली. एक जण शर्यतीसाठी बनवलेल्या, भडक नारिंगी, दोन बोटं उंच सोलच्या बुटांत अगदी संथ चालत फोनवर शेअर बाजाराचं बोलत होते. आणि अनवाणी चालणारे एक आजोबा होतेच. प्रत्येक टेकडीवर असे एक असतात.

जो थांबेल त्याला मी एकच विचारत होते, हे बूट कसे निवडलेत? ‘मुलानं आणले.’ ‘सेल लागला होता.’ ‘हलके वाटले.’ ‘आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी हेच घेतलेत.’ ‘रंग, दुसरं काय!’ दुकानदारानं पायाचं माप घेतलं, असं एकानंही सांगितलं नाही. पुढचे काही आठवडे मी दुकानं, भरतीची मैदानं आणि फिजिओथेरपिस्टचे दवाखाने पालथे घातले, पण बुटांच्या सगळ्या तक्रारी फिरून याच एका गोष्टीपाशी येत राहिल्या.

न्यू जर्सीहून आलेले बूट

साडीच्या निऱ्या जरा वर खोचून भराभर चालणाऱ्या एका आजींच्या पायांत महागडे, जाड सोलचे अमेरिकन बूट होते. मुलानं न्यू जर्सीहून पाठवलेले. ‘त्यानं फोनवर नंबर विचारला, मी चपलेचा सांगितला,’ आजी म्हणाल्या. बूट पुढून मोठे निघाले म्हणून त्यांनी आत दोन मोजे चढवले होते, आणि दोन मोज्यांमुळे चवड्याला आवळत होते. ‘पण एवढे पैसे घालून पाठवलेत, नाही कसं म्हणायचं? करंगळीला कापूस लावते झालं.’

मराठी मध्यमवर्गात असे बूट हजारो घरांत असतील. चपलेचा नंबर आणि बुटाचा नंबर एक नसतो, कारण चपलेत टाच थोडी मागे गेली तरी चालतं. त्यात नंबरांच्या भाषा वेगवेगळ्या. पुरुषांच्या बुटांत इंग्लंडचा आठ तो अमेरिकेचा साधारण नऊ आणि युरोपातला बेचाळीसच्या पुढचा. बायकांच्या बुटांत अमेरिकेचा हिशेब आणखी निराळा.

इंग्लंडच्या पद्धतीत एका नंबराचं अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. पायाला त्याच्या निम्मा फरकही जाणवतो, म्हणून तर अर्धे नंबर निघाले. स्वस्तातल्या बुटांत अर्धा नंबर बहुधा मिळतच नाही. मग आठ घट्ट होतो, नऊ ढिला होतो आणि माणूस ‘वापरून सैल होतील’ या भरवशावर आठ घेऊन घरी जातो. कातडी जोडा थोडाफार सैलावतो. आजचा कृत्रिम धाग्याचा आणि डिंकानं चिकटवलेला बूट तसा फारसा सैलावत नाही.

बुटाच्या जिभेच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर यूके, यूएस, ईयू अशा नंबरांबरोबर बहुतेक वेळा सेंटिमीटरचा आकडाही असतो. सगळ्यात कामाचा आकडा तो, आणि त्याकडे कोणी बघत नाही. घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करायची आणि पट्टीनं मोजायचं. दोन्ही पायांचं मोजायचं, कारण दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. बूट मोठ्या पायाच्या मापानं घ्यायचा. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच, असंही नाही. कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं.

रुंदीचं काय?

लांबीचा घोळ निदान मोजून सुटतो. रुंदीचं दुखणं जुनं आहे. पिढ्यान्‌पिढ्या चपला घालणारे, लहानपण अनवाणी काढलेले आपले पाय पुढून पसरट. बूट ज्या साच्यावर बेततात, तो मात्र बहुधा परदेशी मापाचा.

ही नुसती समजूत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची त्रिमितीय यंत्रांनी मापं घेतली. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं. रुंदी मिळत नाही म्हणून आपण लांबीला मोठा बूट घेतो आणि मग टाच आत हलू नये म्हणून नाडी करकचून आवळतो, हेही त्या पाहणीच्या निष्कर्षांत आहे. त्यातून भारतीय पायांसाठी नवी मापपद्धती सुचवली गेली. तिचं नाव ‘भा’, ‘भारत’ या नावातलं पहिलं अक्षर. दुकानात अजून यूकेचाच नंबर चालतो.

काही परदेशी कंपन्या रुंद पायांसाठी वेगळा साचा करतात. पुरुषांच्या बुटांत साधारण रुंदी ‘डी’, रुंद ‘२ई’ आणि फार रुंद ‘४ई’. बायकांत साधारण ‘बी’ आणि रुंद ‘डी’. ही अक्षरं डब्यावर असतात, पण पुण्यामुंबईतल्या मोठ्या दुकानांतही ‘२ई आहे का?’ विचारलं तर पोरगा आधी आपल्याकडे बघतो, मग संगणकाकडे, आणि मग म्हणतो, ‘मॅडम, एक नंबर मोठा दाखवू?’

बायकांची आणखी पंचाईत. एका दुकानात व्यायामाच्या बुटांची पुरुषांची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बायकांसाठी कोपऱ्यातली दोन फडताळं, त्यांतही निम्मे गुलाबी. मग काकू पुरुषांचा लहान नंबर घेतात. पुढून आराम वाटतो, पण साचा टाचेलाही रुंद असल्यामुळे उतारावर टाच आत नाचते.

पट्टी गेली, यंत्र आलं

लक्ष्मी रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत बुटांचं जुनं दुकान आहे. तिथले वयस्क विक्रेते स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतात. ‘ताई, पूर्वी धातूची पट्टी असायची, टाच अडकवून सरकवायची,’ ते म्हणाले. ‘आता लोक मोबाइलवर फोटो दाखवतात आणि आठ नंबर द्या म्हणतात. लग्नात आठ होता, साठीला पण आठच सांगतात. पाय तेवढाच राहतो का?’

राहत नाही. वयानं पावलातले अस्थिबंध सैलावतात, कमान खाली येते, पाऊल लांबरुंद होतं. वजन वाढल्यावर होतं, बाळंतपणानंतरही होतं. काकांच्या आठवणीतल्या पट्टीचं सगळ्यात प्रसिद्ध रूप अमेरिकेत सिरॅक्यूज गावच्या चार्ल्स ब्रॅनॉकनं १९२०च्या दशकात तयार केलं. त्यावर लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर, तिन्ही एकदम कळतात. तिसरं माप महत्त्वाचं, कारण बूट जिथं वाकतो तिथंच पाऊल वाकायला हवं.

मॉलमधल्या दुकानात पट्टी नाही, यंत्र आहे. काचेवर उभं राहिलं की पडद्यावर तळपायाचं लालनिळं चित्र उमटतं आणि मुलगा सांगतो, ‘तुमचं पाऊल आत कलतं, तुम्हाला आधार देणारा बूट लागेल.’ आधाराबरोबर किंमतही वर चढते. चित्र खोटं नसतं, त्यावरून दिलेला सल्ला तपासून घ्यावा असा आहे. सपाट पावलाला एक बूट, उंच कमानीला दुसरा, ही वाटणी अमेरिकी लष्करानं आपल्या नव्या रंगरुटांवर करून पाहिली. लष्कर, हवाई दल आणि मरीन, तिन्हीकडे काहींना कमानीच्या आकारानुसार बूट दिले आणि बाकीच्यांना सरसकट एकाच जातीचे. दुखापतींत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. २०२२ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही, पावलाचा प्रकार पाहून बूट दिल्यानं दुखापती टळतात याला भक्कम पुरावा सापडला नाही.

मग निवडायचं कशावरून? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग हे धावण्याच्या यांत्रिकीतले जुने अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या पायाला जो बूट सुखाचा वाटतो तोच बहुधा आपल्या हालचालीला मानवतो. त्या अंगाच्या कौलावर विश्वास ठेवावा. मला हे पटतं, पण हे सुख दुकानातल्या गालिच्यावर दोन पावलं टाकून कळत नाही. जुन्या दुकानातले काका गिऱ्हाइकाला बाहेर फरशीवर, पायरीवर चढ-उतार करायला लावतात. मॉलमध्येही तसं करायला कोणी अडवत नाही. आपणच संकोचतो.

पाऊल पडतं तेव्हा

माणसाच्या एका पावलात २६ हाडं असतात. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. टाच टेकते, वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेनं पुढं जातं आणि अंगठा जमिनीला रेटा देतो. जमिनीकडून परत येणारा जोर शरीराच्या वजनाहून थोडाच जास्त असतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि उतरताना हाच जोर वजनाच्या दोन ते तीन पट होतो. सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

म्हणून धावण्याच्या बुटात टाचेखाली जाड फेस असतो. बहुतेकदा तो ईव्हीएचा, म्हणजे वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेलं हलकं प्लास्टिक. चालायच्या बुटाला तेवढी गादी लागत नाही, चवड्याशी सहज वाकणं जास्त महत्त्वाचं. धावण्याचा बूट चालायला चालतो, चालण्याचा बूट रोज धावायला चालत नाही. ज्याला दोन्ही करायचं त्यानं धावण्याचा घ्यावा, एवढं सोपं आहे.

फेस किती मऊ असावा, यावर मात्र मतं बदलत आली आहेत. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक धावपटूंना, कोणता बूट कसा आहे ते न सांगता, मऊ आणि टणक सोलचे बूट वाटले गेले. टणकवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. तेव्हा दगडी सोल नको, हे खरं. पण साठीपुढच्या माणसाला लोण्यासारखा मऊ, जाड सोलही नको. पायाखाली काय आहे हे तळव्याला कळेनासं होतं आणि तोल जातो. तळजाईवरच्या खडबडीत वाटेवर ते नारिंगी बूटवाले गृहस्थ दोनदा अडखळले, ते उगीच नाही.

त्या नारिंगी बुटांविषयी थोडं. २०१७मध्ये नायकेनं सोलमध्ये कार्बनची पट्टी आणि उसळी देणारा नवा फेस घातलेला बूट बाजारात आणला. ऑक्टोबर २०१९मध्ये व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे त्याच घराण्यातल्या बुटात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला. पुढच्याच वर्षी जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी सोल ४० मिलिमीटरहून उंच नको आणि आत पट्टी एकच हवी, असा नियम करावा लागला. हा बूट वेगासाठी आहे आणि लवकर झिजतो. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर हे बूट घालून चालणारे हौशी धावपटू ढीगभर दिसतात. हौसेला मोल नाही. सकाळच्या फेरीसाठी मात्र ते पैसे वाया.

भरतीची पोरं

सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे ललिता बाबरचा मुलूख. ती इथल्या मोहीची, रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेली. दहिवडीच्या बाजूला पहाटे पाचला गाडीचे दिवे रस्त्यावर टाकले की कडेनं धावणारी मुलं-मुली दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. सगळी सकाळ त्या घड्याळावर चालते.

पायांत आठवडी बाजारातले चार-पाचशेचे बूट. कुणाचे फुटबॉलचे, कुणाचे भावाचे. ‘सर, नळी दुखते,’ हे वाक्य त्यांचे सर रोज ऐकतात. नडगीच्या आतल्या कडेचं हे दुखणं डांबरावर एकदम पळणं वाढवल्यावर येतंच, आणि पातळ, चेपलेला सोल त्यात भर घालतो. निवृत्त फौजी असलेले हे सर बूट विकत घ्या म्हणून मागे लागत नाहीत. ते आधी डांबर सोडवतात आणि पोरांना शाळेच्या मैदानावर, मातीत पळवतात. ‘बूट नाही परवडला तर माती फुकट आहे,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दुसरा दंडक, परीक्षेच्या दिवशी नवा बूट नाही. आदल्या आठवड्यात बापानं हौसेनं आणलेले बूट घालून पळालेला मुलगा फोड घेऊन परतल्याचं त्यांनी पाहिलं आहे.

एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, अनवाणी पळणारे पण जिंकलेत की.’ जिंकलेत. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. त्याची कथा गरिबीची म्हणून सांगितली जाते, पण तिथं त्याला दिलेले बूट नीट बसेनात, म्हणून त्यानं ते काढून ठेवले. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, तेही जास्त वेगानं. आपल्याकडे बिहारचे शिवनाथ सिंग अनवाणी धावायचे. १९७८मध्ये जालंधरला त्यांनी लावलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चाळीसहून अधिक वर्षं राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. ही माणसं लहानपणापासून अनवाणी वाढलेली. ज्याचा पाय वीस वर्षं बुटात आहे त्यानं एका सोमवारी बूट काढून डांबरावर पळायला सुरुवात केली, तर त्याला पोटरी आणि टाच लगेच जाब विचारतात.

ज्यांना टोचलेलं कळत नाही

फिजिओथेरपिस्टकडे सकाळच्या वेळी टाच धरून येणाऱ्यांची रीघ असते. अंथरुणातून उठून टाकलेली पहिली पावलं जीवघेणी, मग जरा बरं. ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं पेशंट आधीच ठरवून येतात. बहुतेकांच्या बाबतीत तळव्याखालचा पट्टा सुजलेला असतो. घरात गार फरशीवर अनवाणी वावरणं आणि बाहेर चेपून गेलेले बूट, ही जोडी नेहमीची.

पण एका फिजिओबाईंनी मला ज्यांच्याविषयी कळवळून सांगितलं, ते म्हणजे तक्रारच न करणारे मधुमेही. कित्येक वर्षांच्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात. बूट चावतो ते कळत नाही, आत खडा गेला तरी कळत नाही, आणि बारीकशी जखम चिघळल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. इथं ‘अंगाचा कौल’ उपयोगाचा नाही, कारण अंग बोलतच नाही. अशा माणसानं माप घेऊनच बूट घ्यावा. पुढून रुंद आणि खोल, आतून शिवण न टोचणारा. नवा बूट पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालावा, काढून पाय बघावेत, लाल डाग दिसला तर तो बूट बाद. रोज घालण्याआधी आत हात फिरवावा. तळवा बघायला वाकता येत नसेल तर आरसा ठेवावा किंवा नातवाला सांगावं.

तळजाईवरचे ते अनवाणी आजोबा, माती अंगाला लागली पाहिजे म्हणतात. त्यांना साखर नाही, तेव्हा त्यांचं त्यांना लखलाभ. साखर असलेल्यांनी त्यांचं ऐकू नये.

ठेवणीतले बूट

मुंबईकोकणात एक प्रसंग घरोघरी घडतो. चांगले, महाग बूट जपून वापरायचे म्हणून डब्यात घालून कपाटात ठेवतात. दोन-तीन पावसाळ्यांनी ते बाहेर काढले की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सोलचा भुगा होतो. काही सोल पॉलियुरेथेनचे असतात आणि हवेतली आर्द्रता त्यांचं रसायन हळूहळू तोडते. वापरात नसलेला बूट आणखी लवकर मरतो. सेलमध्ये मिळणारा स्वस्त माल कधी कधी असाच गोदामात पडलेला असतो, म्हणून चिठ्ठीवर बनवल्याचा महिना असेल तर बघावा.

वापरातल्या बुटाचा फेस साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दमतो. रोज चार किलोमीटर चालणाऱ्याचे महिन्याला शंभर-सव्वाशे होतात. वरून बूट नवा दिसत असतो, म्हणून कळत नाही. टेबलावर ठेवून मागून बघावा. टाच एका बाजूला कलली असेल, सोलच्या कडेवर सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, तर त्याला बाजारात भाजी आणायला ठेवावा. भिजला तर आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवला की डिंक सुटतो. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गच्याच धावपटूंच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं करणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचं दिसलं होतं.

दिवाळीच्या खरेदीला निघालात तर

सकाळी नको, संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतो आणि व्यायामातही सुजतो. फिरायला घालता तेच मोजे न्या, जुने बूटही न्या. झिजलेला सोल बघून जाणता विक्रेता बरंच ओळखतो. दोन्ही बूट घालून उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी, चवड्याला बाजूनं दाब नको, टाच उचलताना मागून सुटायला नको. बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर परत ठेवा. नाडीच्या भोकांत सगळ्यात वरचं ते एक जादा भोक शोभेचं नाही. टाच हलत असेल तर नाडी त्यातून ओवून फासा केला की टाच धरून राहते. नंबर मुलाला अमेरिकेत कळवायचा असेल तर सेंटिमीटर कळवा.

आणि दुकानदारांना एक विनंती. मापाची पट्टी फार महाग नसते, दुकानात एक ठेवा. गिऱ्हाइकांनीही बसल्याबरोबर रंग न सांगता आधी माप घ्यायला सांगावं. घेत नसतील तर लक्ष्मी रस्त्यावर बुटांची दुकानं काही कमी नाहीत.